रानडुकरांचा उपद्रव : केवळ शिकारीने तो का थांबत नाही?

भात निसवून दाणा भरू लागला की डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्याची झोप उडते. दिवसभर राबलेला माणूस रात्री माळ्यावर बसून जागल करतो, डबे वाजवितो, शेकोटी पेटवून ठेवतो. आणि पहाटे त्याचा डोळा लागताच रानडुकरांचा कळप शेतात शिरून तासाभरात खाचरे तुडवून निघून जातो. सरद शेतीची ही कथा, तीच वायंगणाची. ऊस, भुईमूग, रताळी, सुरण, केळी, माडाची व पोफळीची कोवळी रोपे यांपैकी कशालाही हा प्राणी सोडीत नाही. तो जितके खातो त्याहून कितीतरी अधिक उकरून व लोळून नासवितो.

अशा वेळी गावोगावच्या ग्रामसभांतून एकच मागणी ऐकू येते : डुकरे मारण्यास मोकळीक द्यावी. ज्याचे पीक गेले त्याने ही मागणी करणे स्वाभाविक आहे. परंतु बंदुकीने उपद्रव खरोखरच किती कमी होतो, हा प्रश्न भावनेने नव्हे, अनुभवाने सोडवावयास हवा. जगात असे काही देश आहेत की जेथे डुकरे मारण्यावर जवळजवळ कोणतेच बंधन नाही. वर्षाचे बाराही महिने, दिवसा व रात्री, कोठे कोठे तर हेलिकॉप्टरमधूनही त्यांची शिकार होते. त्या देशांचा अनुभव काय सांगतो हे शेतकरी, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी या सर्वांनीच समजून घेण्याजोगे आहे.

परके डुक्कर आणि मूळचे डुक्कर

रानडुक्कर व गावडुक्कर हे दोन वेगळे प्राणी आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दोघांची जात एकच. माणसाने हजारो वर्षांपूर्वी रानडुकरालाच माणसाळवून पाळीव डुक्कर निर्माण केले. म्हणूनच या दोहोंचा संकर सहज होतो व त्यांची संततीही प्रजननक्षम असते. पाळीव डुक्कर रानात सुटले तर ते काही पिढ्यांतच रानटी बनते. अंगावरचे केस राठ होतात, सुळे वाढतात आणि स्वभावही बुजरा व आक्रमक होतो.

रानडुकराचे मूळ वसतिस्थान युरोप, आशिया व उत्तर आफ्रिका हे होय. अमेरिका व ऑस्ट्रेलिया या खंडांत हा प्राणी मुळात नव्हताच. ऑस्ट्रेलियात तो 1788 साली पहिल्या ब्रिटिश वसाहतवाल्यांच्या जहाजांतून पाळीव डुकराच्या रूपाने पोहोचला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर त्याला आणण्याचे श्रेय स्पॅनिश सेनानी हर्नांदो दे सोतो याला दिले जाते. 1539 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरताना त्याने सैन्याच्या अन्नाची सोय म्हणून डुकरांचा कळप बरोबर घेतला होता. पुढे आलेल्या वसाहतवाल्यांनीही डुकरे कोंडून न ठेवता रानात मोकळी चरावयास सोडण्याची पद्धत ठेवली. त्यांतील जी परत हाती लागली नाहीत, ती रानटी झाली.

यानंतरची पायरी अधिक उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी काही धनिकांनी केवळ शिकारीच्या हौसेसाठी युरोपातील खरी रानडुकरे अमेरिकेत आणविली. 1912 साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हूपर बाल्ड या डोंगरावर कुंपण घालून अशी डुकरे ठेवण्यात आली. काही वर्षांतच ती कुंपणाबाहेर पडली आणि आसपासच्या रानटी झालेल्या पाळीव डुकरांशी त्यांचा संकर झाला. याच वंशातील काही डुकरे पुढे थेट पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात नेऊन सोडण्यात आली. म्हणजे ज्या उपद्रवावर उपाय म्हणून आज शिकारीकडे पाहिले जाते, त्या उपद्रवाचे एक मूळ शिकारीच्या हौसेतच आहे. आज त्या देशात सुमारे 35 राज्यांमध्ये मिळून 60 लाखांहून अधिक रानटी डुकरे असावीत, असा तेथील कृषी खात्याचा अंदाज आहे.

वाढीचे गणित

मोठ्या आकाराच्या सस्तन प्राण्यांमध्ये डुकराइतक्या वेगाने वाढणारा प्राणी दुसरा क्वचितच आढळेल. हत्ती किंवा गवा यांना एका वेळी एकच पिलू होते. डुकराच्या मादीला एका वितीत सर्वसाधारणपणे चार ते सहा पिले होतात, प्रसंगी दहा-बाराही होतात. गर्भकाळ केवळ 115 दिवसांच्या आसपास असतो. अन्न मुबलक असल्यास मादी सहा ते आठ महिन्यांच्या वयातच गाभण राहू शकते आणि दोन वर्षांत तीन वेळाही विते.

एका सोप्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या परिसरात 100 डुकरे आहेत व त्यांपैकी 40 विणाऱ्या माद्या आहेत. वर्षभरात प्रत्येक मादीची सरासरीने केवळ चार पिले जगली, तरी 160 पिलांची भर पडून एकूण संख्या 260 होईल. रोगराई, हिंस्र पशू व म्हातारपण यांमुळे 60 डुकरे मेली असे धरले तरी 200 उरतात. आता गावातील शिकाऱ्यांनी मोठ्या कष्टाने त्यांतील 40 डुकरे टिपली, तर गावभर आनंद होईल. परंतु शिल्लक राहतील 160. म्हणजे वर्षाच्या आरंभी होती त्याहून 60 अधिक. संख्या केवळ होती तेवढीच राखण्यासाठीदेखील या उदाहरणात 100 डुकरे मारावी लागतील.

हे उदाहरण सौम्यच म्हटले पाहिजे. सर्वाधिक रानटी डुकरे असलेल्या टेक्सास राज्यातील कृषी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की, संख्या स्थिर राखण्यासाठी दरवर्षी एकूण डुकरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश डुकरे काढून टाकावी लागतील. प्रत्यक्षात शिकार, सापळे इत्यादी सर्व मार्गांनी मिळून एक-तृतीयांशाहूनही कमी डुकरे मारली जात होती. आणि हे अशा राज्यात, जेथे बंदूक घरोघरी आहे व 2011 साली झालेल्या कायद्यान्वये हेलिकॉप्टरमधून डुकरांची शिकार करण्यासही खाजगी नागरिकांना मुभा मिळाली.

नुकसानीची व्याप्ती

डुकराचे नाक हा एक प्रकारचा नांगरच होय. मुळे, कंद, अळ्या व गांडुळे यांच्या शोधात एका रात्रीत कळप मोठे क्षेत्र उकरून टाकतो. पेरलेल्या मक्याच्या तासांतून एकेक दाणा उकरून खात जाणारा कळप अमेरिकन शेतकऱ्याला परिचित आहे. तेथील शेतीचे या प्राण्यामुळे होणारे नुकसान दरवर्षी शेकडो कोटी डॉलरांच्या घरात जाते. त्याखेरीज पाणवठे गढूळ होणे, ओढ्यांचे काठ ढासळणे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची व समुद्रकासवांची अंडी नष्ट होणे ही हानी पैशात मोजता येत नाही.

आरोग्याचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस, तसेच मांसातून पसरणारा कृमिरोग असे अनेक रोग डुकरांकडून माणसास होऊ शकतात. जपानी मेंदुज्वराचा विषाणू डुकरांच्या शरीरात वाढतो व डासांमार्फत माणसापर्यंत येतो. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग माणसास होत नाही, परंतु डुकरांच्या बाबतीत तो अत्यंत घातक आहे. भारतात तो प्रथम 2020 साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला आणि त्याने ईशान्येकडील हजारो वराहपालकांचे कंबरडे मोडले. पाळीव व रानटी अशा दोन्ही डुकरांना हा रोग होत असल्यामुळे, रानात मेलेल्या डुकराला हात लावणे हे गावातील वराहपालनाच्या दृष्टीनेही धोक्याचे ठरते.

टेनेसी राज्याचा धडा

शिकारीची मोकळीक दिल्यास काय घडते याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील टेनेसी राज्य. या राज्यात एकूण 95 कौंटी, म्हणजे आपल्या भाषेत लहान जिल्हे, आहेत. विसाव्या शतकातील बहुतेक काळ रानटी डुकरे त्यांपैकी सुमारे 15 कौंटींपुरतीच मर्यादित होती. संख्या वाढू लागल्याचे पाहून तेथील वन्यजीव खात्याने 1999 साली सबंध राज्यात डुकरांच्या शिकारीस परवानगी दिली. किती डुकरे मारावीत यावरही मर्यादा ठेवली नाही. हेतू स्वच्छ होता : शिकारी वाढतील, डुकरे कमी होतील.

घडले ते नेमके उलट. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत डुकरे सुमारे 80 कौंटींमध्ये पसरली. हा प्रसार डुकरांच्या पायांनी झालेला नव्हता, ट्रकच्या चाकांनी झालेला होता. शिकारीची संधी आपल्या गावाजवळच मिळावी म्हणून हौशी लोकांनी जिवंत डुकरे पकडून, वाहनांत घालून नव्या रानांत नेऊन सोडली. डुक्कर हे उपद्रवी जनावर न राहता हौसेची वस्तू बनले. ज्याची शिकार हवी त्याची पैदासही हवी, हा मनुष्यस्वभावच येथे आड आला. अखेरीस 2011 साली टेनेसीने आपले धोरण पालटले. डुकरास शिकारीच्या प्राण्यांच्या यादीतून काढले, जिवंत डुकरांची वाहतूक व सोडणी यांवर निर्बंध घातले आणि जमीनमालकास आपल्या जमिनीवरील डुकरांचा बंदोबस्त करण्याची सवलत दिली.

बक्षिसाचा प्रयोगही असाच फसला. जॉर्जिया राज्यातील एका विस्तीर्ण लष्करी तळावर 2007–08 मध्ये डुक्कर मारून आणणाऱ्यास शेपटीमागे 40 डॉलर देण्याची योजना राबविण्यात आली. हजाराहून अधिक शेपट्या जमा झाल्या व पैसेही वाटले गेले. संशोधकांनी योजनेच्या आधी व नंतर डुकरांची मोजणी केली, तेव्हा संख्या घटलेली नसून उलट वाढल्याचे आढळून आले. डुकरांना आकर्षित करण्यासाठी शिकाऱ्यांनी रानात टाकलेला मका हे त्याचे एक कारण असावे, असे त्यांचे मत पडले. मारण्यासाठी घातलेले खाद्यच उरलेल्या डुकरांच्या पोषणास कारण झाले.

बंदूक अपुरी का पडते?

या अनुभवांमागील कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(1) डुक्कर कळपाने राहणारा व अत्यंत हुशार प्राणी आहे. माद्या व पिले एकत्र राहतात. वयात आलेले नर बहुधा एकटे हिंडतात. कळपातील एक-दोन डुकरे मारली गेली की उरलेली पांगतात, सावध होतात आणि पूर्वी जेथे नव्हती अशा शेतांकडे वळतात.

(2) शिकारीचा त्रास सुरू झाला की डुकरे दिवसा बाहेर पडणे सोडून संपूर्णतः निशाचर बनतात. मग त्यांना टिपणे अधिकच अवघड होते.

(3) शिकाऱ्याचे लक्ष मोठ्या सुळ्यांच्या नराकडे असते. परंतु संख्या वाढते ती माद्यांमुळे. एक नर मेला तर दुसरा त्याची जागा घेतो. विणीत फरक पडत नाही.

(4) शिकारी जेथे डुकरे पुष्कळ तेथे जातो. ती विरळ झाली की त्याचा उत्साह ओसरतो. वास्तविक, उरलेली थोडी डुकरे संपविणे हाच बंदोबस्ताचा सर्वांत कठीण व महत्त्वाचा भाग असतो.

जेथे यश आले

यावरून डुकरांचा बंदोबस्त अशक्यच आहे, असे मात्र नव्हे. न्यूयॉर्क राज्याने जिवंत डुकरांची आयात, पैदास व सोडणी यांवर कायद्याने बंदी घातली आणि 2014 साली रानटी डुकरांची खाजगी शिकारही बंद केली. शिकाऱ्यांमुळे कळप पांगून सरकारी पथकांचे सापळे वाया जातात, हे त्यामागील कारण होते. 2016 साली राज्यातील रानटी डुकरांचे निर्मूलन झाल्याचे तेथील खात्याने जाहीर केले. मिसुरी राज्यानेही त्याच वर्षी आपल्या संरक्षित जमिनींवर डुकरांची शिकार बंद करून सापळ्यांवर भर दिला.

हा सापळा म्हणजे गावच्या कोंडवाड्यासारखा जाळीचा गोल आवार होय. त्यात प्रथम अनेक दिवस नुसते खाद्य ठेवतात व दार उघडेच असते. छायाचित्रक यंत्राने रात्री किती डुकरे येतात याची नोंद घेतली जाते. कळपातील शेवटचे डुक्कर आत येऊ लागल्याची खात्री पटल्यावरच एका रात्री दार पाडले जाते. दोन-चार डुकरे आत सापडली म्हणून दार पाडण्याची घाई केली, तर बाहेर राहिलेली डुकरे त्या सापळ्याकडे पुन्हा फिरकत नाहीत. या कामात बंदुकीपेक्षा धीर अधिक लागतो.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सांताक्रूझ बेटाची हकीकत तर विशेष बोधप्रद आहे. या बेटावर एकोणिसाव्या शतकात आणलेली डुकरे रानटी झाली होती. डुकरांची पिले हे आयते भक्ष्य मिळू लागल्याने मुख्य भूमीवरील सोनेरी गरुड बेटावर वस्ती करून राहिले. ते पिलांबरोबरच बेटावरील मांजराएवढ्या, जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या कोल्ह्यांचीही शिकार करू लागले. त्यामुळे कोल्ह्यांची संख्या शंभराच्याही खाली आली. 2005–06 मध्ये बेटाचे कुंपणांनी पाच विभाग करून, एकेक विभाग पूर्णपणे मोकळा करीत 5,000 हून अधिक डुकरे काढण्यात आली. सापळे, हेलिकॉप्टर, शिकवलेले कुत्रे ही साधने क्रमाने वापरली गेली. शेवटी काही डुकरांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांना सोडण्यात आले. ती आपल्या जातभाईंना शोधीत गेली व लपलेली अखेरची डुकरेही सापडली. गरुडांना जिवंत पकडून मुख्य भूमीवर नेण्यात आले. कोल्ह्यांची संख्या पुन्हा वाढली आणि 2016 साली त्यांचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढता आले.

परंतु हे बेट होते. चहूबाजूंस समुद्र असल्याने बाहेरून नवी डुकरे येण्याची भीती नव्हती. गॅलापागोस बेटांपैकी सांतियागो बेटावर अशाच मोहिमेस सुमारे तीस वर्षे लागली आणि 18,000 हून अधिक डुकरे मारावी लागली. खंडप्राय भूमीवर हे काम किती अवघड असेल, याची यावरून कल्पना येईल.

आपल्या प्रदेशातील वेगळी स्थिती

येथे एक मूलभूत फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत डुक्कर हा परका, घुसखोर प्राणी आहे. सह्याद्रीच्या रानांत तो मूळचा रहिवासी आहे. वाघ, बिबट्या व कोळसुंदा यांच्या आहारात त्याचे स्थान आहे. रान उकरून तो बी रुजण्यास मदत करतो, मेलेली जनावरे खाऊन रान स्वच्छ ठेवतो. रानातून तो नाहीसा झाला तर बिबट्या गावातील वासरांकडे व कुत्र्यांकडे वळण्याचा संभव वाढतो. म्हणून अमेरिकेत उद्दिष्ट निर्मूलनाचे असले, तरी आपल्याकडे ते पीकसंरक्षणाचेच असू शकते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये रानडुकरास संरक्षण आहे. 2022 साली या अधिनियमात झालेल्या व 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार त्याचा समावेश अनुसूची 2 मध्ये करण्यात आला आहे. मात्र कायदा शेतकऱ्याच्या अडचणीकडे पाठ फिरवीत नाही. कलम 11 नुसार, अनुसूची 2 मधील एखादा प्राणी मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक झाला आहे अशी खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून त्याच्या शिकारीस लेखी परवानगी देऊ शकतो. स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने प्राणी मारणे हा गुन्हा ठरत नाही. मात्र मारलेला प्राणी ही सरकारी मालमत्ता होय. त्याचे मांस वाटून घेणे वा विकणे हा गुन्हा आहे.

कलम 62 अन्वये केंद्र सरकार एखाद्या प्राण्यास ठराविक क्षेत्रापुरते व ठराविक काळापुरते उपद्रवी घोषित करू शकते. 2015–16 मध्ये बिहारमधील काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर आणि उत्तराखंडमधील काही जिल्ह्यांत रानडुक्कर यांच्याबाबत अशा अधिसूचना निघाल्या होत्या. केरळ सरकारने 2022 साली निराळा मार्ग चोखाळून, परवानगी देण्याचे काम पंचायतींच्या प्रमुखांकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. हे मार्ग अवलंबताना टेनेसीचा धडा विसरता कामा नये. परवानगी ही विशिष्ट शेतातील विशिष्ट कळपाच्या बंदोबस्तासाठी असते, हौसेसाठी नव्हे.

जिवावर बेतणारे उपाय

परवानगीची वाट न पाहता केले जाणारे काही उपाय कायद्याने निषिद्ध तर आहेतच, शिवाय अत्यंत घातक आहेत. घरातील विजेची तार थेट कुंपणास जोडणे हा त्यांतील सर्वांत भयंकर प्रकार. या तारेला डुक्कर व माणूस यांतील फरक कळत नाही. रात्री पाणी सोडावयास गेलेला शेजारी, पहाटे गुरे शोधणारा गुराखी, प्रसंगी तार लावणारा शेतकरी स्वतःच तिला बळी पडतो. अशा दुर्घटनेत एका कुटुंबाचा कर्ता पुरुष जातो व दुसऱ्या कुटुंबाचा तुरुंगात जातो. पीक मात्र कोणाचेच वाचत नाही.

खाद्यात स्फोटक भरून ठेवण्याचा प्रकारही तसाच. मे 2020 मध्ये केरळात स्फोटक भरलेले फळ तोंडात फुटून एक गाभण हत्तीण मरण पावली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. रानडुकरांसाठी ठेवलेल्या अशा स्फोटकांनी गुरांचे जबडे फाटतात, कुत्री मरतात आणि खेळणी समजून ती उचलणारी मुले कायमची अपंग होतात. कुंपणाला लावलेल्या तारेच्या फासात डुकराऐवजी बिबट्या अडकला, तर त्याला सोडविणाऱ्यांच्याही जिवास धोका असतो.

शेतकऱ्यांनी काय करावे?

पीकसंरक्षणाचा कोणताही एक उपाय रामबाण नाही. परंतु योग्य उपाय एकत्रितपणे योजल्यास नुकसान पुष्कळ कमी करता येते.

कुंपण : पूर्वजांनी बांधलेले चिऱ्याचे व दगडाचे गडगे हे डुकरांविरुद्धचे उत्तम संरक्षण होय. ठिकठिकाणी ढासळलेले गडगे पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावेत. काटेरी वई दरवर्षी दाट करावी. एकही भोक राहिले तर डुक्कर ते शोधून काढते, कारण ते नेहमी खालूनच घुसते.

सौर कुंपण : या कुंपणातील प्रवाह क्षणोक्षणी तुटक असल्याने त्याचा जोराचा झटका बसतो, परंतु प्राण जात नाही. डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर असावी. उंच लावलेल्या तारेखालून ते सहज निसटते. तारेला गवत टेकल्यास प्रवाह जमिनीत जाऊन कुंपण निकामी होते, म्हणून खालचे गवत नियमित कापावे. मान्यताप्राप्त यंत्रच वापरावे. शासकीय अर्थसाह्याची चौकशी विभागीय कृषी कार्यालयात करावी.

सामुदायिक योजना : एका शेतकऱ्याने कुंपण घातले की कळप शेजाऱ्याच्या शेतात जातो. सबंध खाजणाला अथवा मळ्याला मिळून एकच कुंपण घातल्यास खर्चही वाटला जातो आणि संरक्षणही पूर्ण मिळते. जागलीच्या पाळ्याही अशाच वाटून घ्याव्यात.

पिकांची योजना : रानाला लागून असलेल्या पट्ट्यात डुकरांना न आवडणारी पिके घ्यावीत. मक्याभोवती एरंडीच्या व भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या ओळी लावण्याची शिफारस कृषिशास्त्रज्ञांनी केली आहे. शेताच्या कडेची झुडपे साफ ठेवल्यास कळपाला दडण्यास जागा मिळत नाही.

आवाज, उजेड व वास : डबे, फटाके, दिवे, रंगीत साड्या यांचा उपयोग थोडेच दिवस होतो. डुक्कर लवकरच सरावते. म्हणून असे उपाय आलटून पालटून, पीक तयार होण्याच्या ऐन दिवसांतच योजावेत.

स्वच्छता : उघड्यावर टाकलेले खरकटे, बाजारातील कुजकी भाजी व मेलेली जनावरे ही डुकरांना दिलेली आमंत्रणेच होत. जे अन्न गावाकडून मिळते, त्यावर पिलांची संख्या वाढते. पाळलेली डुकरेही गोठ्यात बांधून ठेवावीत. रानात मोकळी सोडू नयेत.

नुकसानीची नोंद : पीक नासल्याचे आढळताच वन परिक्षेत्र कार्यालयास व कृषी कार्यालयास विनाविलंब कळवावे. पंचनामा होईपर्यंत पावलांच्या खुणा व उकरलेली जमीन तशीच राहू द्यावी. भरपाई व परवानगी या दोन्ही गोष्टी नोंदीवरच अवलंबून असतात. ज्या गावातून तक्रारीच येत नाहीत, त्या गावात कागदोपत्री उपद्रवच नसतो.

अधिकारी व शिक्षक यांची जबाबदारी

शेतकऱ्याला संयम राखावयास सांगणाऱ्यांवरही जबाबदारी येते. वर्षभराची मेहनत एका रात्रीत गमावलेल्या माणसाकडे पंचनाम्यासाठी महिनाभराने गेल्यास कायद्यावरील त्याचा विश्वास उडतो, आणि मग तो तारेकडे व स्फोटकांकडे वळतो. वेळेवर झालेला पंचनामा व वेळेवर मिळालेली भरपाई हाही वन्यजीव संरक्षणाचाच भाग होय. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाचे नुकसान होते याचा तक्ता ग्रामपंचायतीने दोन-तीन वर्षे ठेवला, तर कुंपणाची जागा ठरविणे सोपे होईल. शाळेतील मुलांना अशी नोंद ठेवण्यास शिकविणे हा परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ ठरेल. त्याचबरोबर रानात सापडलेली अनोळखी वस्तू उचलू नये आणि मेलेल्या जनावरास हात लावू नये, हेही त्यांच्या मनावर बिंबविता येईल.

अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशाने बंदुका, हेलिकॉप्टरे व बक्षिसे यांचे प्रयोग करून पाहिले. जेथे बेशिस्त हौस होती तेथे डुकरे वाढली. जेथे मोजणी, एकजूट व चिकाटी होती तेथे ती आटोक्यात आली. आपल्या गावाला हेलिकॉप्टर परवडणारे नाही. परंतु ढासळलेला गडगा एकत्र येऊन बांधणे, जागलीची पाळी चुकू न देणे आणि नुकसानीची नोंद त्याच दिवशी करणे हे प्रत्येक गावाच्या हाती आहे. पुढील हंगामाचे भात निसवण्यापूर्वी त्याची सुरुवात व्हावयास हवी.